चिंचेनं घासलेले सूर

पेटीतले सूर काळे असावे लागतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला जड जाणार नाही. पेटी म्हणजे भजनात वाजते ती, हार्मोनियम. तिच्या पोटात बोटाएवढ्या पितळी पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला मधोमध चीर, आणि त्या चिरेवर एका टोकाला रिवेट मारून बसवलेली पातळ जीभ. भात्याचा वारा चिरेतून निघाला की जीभ थरथरते आणि बोलते. ह्या पट्टीलाच आम्ही सूर म्हणतो. गवयाचा सूर वेगळा, आमचा वेगळा. आमचा हातात धरता येतो आणि फरशीवर पडला तर टण्ण वाजतो. जाड आवाजाच्या ओळीला खर्ज म्हणायचं, मधल्या ओळीला नर आणि बारीक आवाजाच्या ओळीला मादी. जुन्या काळी हे सूर जर्मनीहून जहाजानं यायचे. पितळ जाड, जीभ अशी ठोकलेली की पन्नास वर्षं वाजली तरी ढिली पडायची नाही. आवाज गोल यायचा, कानाला टोचायचा नाही. आपल्याकडचे सूर पातळ पत्र्याचे. ते वाजतात, पण त्यांचा आवाज नाकातून आल्यासारखा येतो.

आजकाल पुण्याचे लोक मला फोन करतात. आजोबा, जर्मन सूर आहेत का? फोटो पाठवा, पण पुसू नका हां, आहेत तसेच पाठवा. पितळावर जी काळपट तांबूस साय धरते ती त्यांना पाहिजे असते. साय असली तर खरा माल, चकाकला की नकली. मग येतात, पेटी उलटी करतात, सूर काढून घेतात आणि खोकं माझ्याच दारात टाकून जातात. त्यांना मी सांगून थकलो, की बाबांनो, सूर एकटा बोलत नाही. ज्या फळीवर तो इतकी वर्षं बसला तिचं लाकूडही वाजून वाजून सुकलेलं असतं, सूर दुसऱ्या खोक्यात नेऊन बसवला तर तो मुका नाही होणार पण परका होईल. ते मान डोलवतात आणि सूर पिशवीत घालतात. माझी चौथी शिकलेली अक्कल त्यांनी कशाला ऐकावी.

ही असती तर मला हे लिहू दिलं नसतं. ही म्हणजे माझी बायको, गिरजा. गेल्या थंडीत गेली. तिच्यासमोर ह्या गोष्टीचा एक शब्द काढायची सोय नव्हती, उठून आत जायची. आता आत जायला कोणी नाही, म्हणून लिहितो. लेकानं वही आणून दिली. वेळ लई आहे आणि घरात बोलायला भिंती आहेत.

आम्ही परळीचे. जातीनं वाणी, भाऊबंद सगळे किराणा आणि भुसार विकणारे. माझे वडील, अप्पा, तेवढे वाकडे निघाले. तरुणपणी हैदराबादला एका चुलत्याच्या दुकानी कामाला गेलते, तिथं शेजारी पेट्या दुरुस्त करणारा म्हातारा होता, त्याच्याकडंच जाऊन बसायचे. परत आले ते पेटीचं काम शिकून. आमचं घर आणि दुकान एकच. पुढची खोली रस्त्याला लागून, ती दुकान. मागं ओसरी, चूल, न्हाणी आणि परसात एक लिंबाचं झाड. दिवसभर घरात एकच आवाज चालायचा. अप्पा सूर तोंडाला लावून वारा ओढायचे, ऐकायचे, बारीक कानशीनं जिभेवर एक हात मारायचे, परत तोंडाला लावायचे. टोकाला घासली तर आवाज चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. एका सुरावर सकाळची दुपार व्हायची. आजूबाजूचे म्हणायचे, अप्पाच्या घरात म्हैस अडली हाय. माय त्याच आवाजात भाकरी थापायची, आणि तिची थाप आपोआप त्या आवाजाला धरून पडायची, हे तिलाही कधी कळलं नसेल. जेवायला ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची म्हणजे येसराची आमटी, कारळाची चटणी. आमटी इतकी तिखट, की अप्पा जेवून उठले की दोन तास सूर तोंडाला लावत नसत, जिभेला चव राहते म्हणून. तेवढे दोन तास घर गप.

अप्पा माणूस कडक. मारायचे नाहीत पण हसायचेही नाहीत. गावोगावची भजनी मंडळं त्यांच्याकडं पेटी आणून टाकायची, कारण परळी तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पेटीवाले लोक जुने जर्मन सूर काढून घेतात आणि त्या जागी पातळ पत्र्याचे घालून देतात, गिऱ्हाइकाला कळत नाही. अप्पाकडं असं होत नाही. ह्या एका गोष्टीवर आमचं घर उभं होतं. अप्पांचा हात चांगला होता हे दुसरं. पहिलं हे होतं, की अप्पा सूर बदलत नाही.

गिरजा चौसाळ्याची. लग्न झालं तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं, ती सोळाची असेल. तिच्या घरीही दुकानच होतं, हमरस्त्याला लागून, त्यामुळं कामाला वाघ. आमच्या घरात एक रीत होती, ती तेव्हा सगळ्याच घरात होती. सासरा सुनेशी बोलत नाही. सून सासऱ्यासमोर येत नाही, आवाज काढत नाही. पण घर तर चालवायचं असतं. मग सासरा हवेत बोलायचा. पाणी पाहिजे असलं तर अप्पा भिंतीकडं बघून म्हणायचे, "घसा कोरडा पडला." दाराआडून तांब्या पुढं सरकायचा. "आज उकडायलंय" म्हणले की खिडकी उघडली जायची. नवी सून शहाणी की येडी हे त्यावरूनच ठरायचं, की हवेतलं बोलणं तिला किती पटकन कळतं. गिरजाला पटकन कळायचं. माय शेजारणीला सांगायची, "आमची लई हुशार. मामानं खाकरलं तरी वळखती, पाणी पायजे का तंबाखू." आणि गिरजा चुलीपाशी खाली बघून हसायची. ते हसू मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात धर्मापुरीचे रंगराव पेटी घेऊन आले. रंगराव म्हणजे मोठे शेतकरी, गावात त्यांच्या शब्दावर पंचायत चालायची. त्यांचा धाकटा भाऊ बापू विहिरीत मोट बसवताना दरड अंगावर येऊन मेलता. तो भाऊ जुन्या देवळात दर सोमवारी भजनाला पेटी वाजवायचा. तो गेल्यापासून पेटी कोणी उघडली नव्हती. उंदरांनी भाता कुरतडला, सुरात धूळ बसली. आता वर्षश्राद्ध आलं होतं. रंगराव दुकानाच्या पायरीवर बसले, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, त्याचा फोटो न्हाई आमच्याकडं. ही हाय. श्राद्धाला हिला वाजवायची. त्याचाच आवाज आला पायजे, दुसरं काय न्हाई."

अप्पा म्हणाले, "जसा हाय तसा निघंल."

पेटी जर्मन सुरांची होती, दोन ओळींची, खर्ज आणि नर. अप्पांनी एक खर्जाचा सूर तोंडाला लावून ओढला आणि डोळे मिटले. मला म्हणाले, "ऐक. असा आता मिळत न्हाई." मी ऐकला. आज तो आवाज आठवायला बसलो तर आठवत नाही. आवाज आठवत नसतो, तो चांगला होता एवढंच आठवतं.

अप्पांनी सगळे सूर स्क्रू काढून उतरवले आणि ओसरीवर जुनं धोतर अंथरून त्यावर ओळीनं मांडले, खर्ज वर, नर खाली, जसे फळीवर होते तसेच. भात्याला लागणारं कातडं अंबाजोगाईहून आणायचं होतं. आम्ही बापलेक सकाळच्या गाडीनं निघणार होतो. निघताना अप्पांनी कोटाच्या गुंड्या लावत त्या सुरांकडं बघितलं आणि आपल्याच नादात म्हणाले, "हे समदं साफ करून घ्याया पायजे."

आमच्या धंद्यात साफ करणे म्हणजे काय, तर मऊ केसांच्या ब्रशानं धूळ झटकायची आणि जिभेखालून कोरा कागद सरकवायचा. पाण्याचा थेंब लावायचा नाही. अप्पा स्वतःशी बोलले होते. परत आल्यावर करायच्या कामाची आठवण ठेवत होते. पण ते बोलले हवेत, आणि ह्या घरात हवेत बोललेलं सगळं दाराआडच्या माणसासाठी असायचं.

तो श्रावणातला सोमवार होता. माय वैजनाथाच्या रांगेत गेलती. गिरजा घरात एकटी. सणाची भांडी घासायला काढलेली होतीच. तिनं समई घासली, ताम्हन घासलं, आणि मग धोतरावरचे काळे सूर उचलून परातीत घातले. कोळलेली चिंच, चुलीतली राख, नारळाचा काथ्या. माहेरी पितळ असंच घासायचे. सासऱ्यानं काम सांगितलं म्हणून तिनं बाकीच्या भांड्यांपेक्षा जास्त जोर लावला.

आम्ही दुपारी परत आलो. परसात लिंबाखाली सुपात सूर वाळत घातलेले, उन्हात सोन्यासारखे चमकत होते. मला पहिल्यांदा कळलंच नाही ते काय आहे. अप्पांना कळलं. ते तिथंच खाली बसले, नवा कोट घालून, चिखलात. सुपातला एक सूर उचलला, नखानं जीभ छेडली. टिक. दुसरा उचलला. त्याची जीभ काथ्यानं वर उचलली गेलती. तिसऱ्याची वाकलेली. कोणता खर्ज, कोणता नर, कोणता कुठल्या जागेचा, काही राहिलं नव्हतं. सगळा गोपाळकाला. दाराआड बांगड्या वाजल्या. ती उभी होती, शाबासकीची वाट बघत. हे मला तेव्हाही कळलं.

माय देवळातून आली आणि सूप बघून तिनं कपाळावर हात मारला. "कावून हात लावलास गं? कावून? तुला कोणी सांगितलं?"

गिरजा आतून हळू म्हणाली, "मामांनी सांगितलं. साफ करायला."

"मामा तुझ्याशी कधी बोलले गं, खोटारडे?"

अप्पा परसातून म्हणाले, "म्या सांगितलं." बस. एवढंच. मग सूप उचलून दुकानात गेले.

त्यानंतरचे दिवस अप्पा दुकानातून उठले नाहीत. अप्पांनी एकेक जीभ सरळ केली. लाकडाच्या चपट्या तुकड्यावर ठेवून, अंगठ्यानं, श्वास रोखून. जोर जास्त झाला की जीभ तुटते आणि तुटली की सूर मेला. एकही तुटू दिली नाही. मग प्रत्येक सूर तोंडाला लावून, ऐकून त्याची जागा शोधली. मी शेजारी बसून फळी धरायचो. मलाही काही सूर ओढून बघायला दिले. ओठाला आंबट लागायचे. कितीही पुसले तरी आंबट. चिंचेनं वरची साय तर गेलतीच, पण जिभेच्या बुडाशी, जिथं पितळ रिवेटात दाबलेलं असतं, तिथंही आंबट शिरलं होतं. काथ्याच्या ओरखड्यांनी जिभा टोकाला पातळ झाल्या होत्या. त्यामुळं आवाज सगळे चढले होते, अप्पांना सगळे परत उतरवावे लागले. उतरवायचं म्हणजे बुडाशी आणखी घासायचं. दर हाताला जीभ कमी होत होती. त्यांना ते दिसत होतं. मलाही.

पेटी जुळली तेव्हा अप्पांनी भाता ओढून सगळी सप्तकं वाजवली. सुरात होती. कुठं बेसूर नाही, कुठं वारा गळत नाही. पण गोलपणा गेलता. खडीसाखर दाताखाली आल्यासारखा आवाज आला, कडक. अप्पांनी झाकण लावलं.

सकाळी रंगराव येणार, तेव्हा अप्पांनी मला आणि मायला ओसरीवर बसवून सांगितलं, "घरातल्या बाईचं नाव दुकानात निघालं न्हाई पायजे. म्या बघून घेतो." आजच्या पोरांना हे कळणार नाही. बाजारपेठेत चार लोकांत सुनेचं नाव घेऊन तिच्या चुकीवर बोलायचं, म्हणजे तिला उघड्यावर आणल्यासारखं होतं. कोणताही सासरा ते करत नव्हता. अप्पा तर नाहीच.

रंगराव आले, सोबत त्यांच्या भजनातला पखवाजवाला सोपान होता. रंगरावांनी पेटी समोर घेतली, डोळ्याला पंचा लावला आणि सोपानला म्हणाले, "वाजव." सोपाननं भाता ओढून वरच्या दोन-चार काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबल्या. दुकानासमोरून जाणारे दोघे-तिघे थांबले. सोपान परत वाजवायला लागला, मग थांबला.

"मालक," सोपान म्हणाला, "ही बापूंची पेटी वाटत न्हाई."

"वाजव की नीट."

"नीटच वाजवतोय. पेटी तीच हाय, आवाज तिचा न्हाई." आणि त्यानं न विचारता आतलं झाकण उचललं. आत सगळं चकचकीत. खिडकीतून ऊन आत पडलं आणि ते सूर असे लखलखले की बाहेरच्या माणसानंही मान वाकवून बघितलं. सोपान हसला. "अप्पा, हे कवा घातले?"

अप्पा म्हणाले, "तेच हायत. जर्मन शिक्का बघा."

"शिक्का काय, हैदराबादला पाहिजे तसला मारून भेटतो. आमाला काय ठाव न्हाई का? बापूंचे सूर काळेकुट्ट होते. म्या सवता बघितलेत."

रंगराव पुढं सरकले. ते वाकले, एका सुरावर बोट फिरवलं. "अप्पा," ते म्हणाले, "तेच असतील तर असे लग्नातल्या ताटावानी कावून चमकाया लागले?"

"घासले."

"कशानं?"

अप्पांनी आतल्या दाराकडं पाठ केली. मग म्हणाले, "चिंचेनं."

बाहेर कोणीतरी मोठ्यानं हसलं. सोपान म्हणाला, "ऐका मालक! उभ्या तालुक्यात ज्याच्यावानी पेटीवाला न्हाई, तो म्हणतो म्या सूर चिंचेनं घासले. अहो, शाळंतलं पोरगं बी असं करणार न्हाई."

आणि ते खरं होतं. अप्पांचा हातच अप्पांच्या विरुद्ध साक्ष देत होता. दुसरा एखादा अडाणी पेटीवाला असता तर त्याचं खरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "अप्पानं चोरले न्हाईत."

सोपान म्हणाला, "तू गप बस बे. चोराचा पोरगा चोराचीच बाजू घेणार." तोवर चोर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मीच काढला होता आणि त्यानं झेलला.

रंगरावांनी अप्पांच्या पुढं हात जोडले. मोठा माणूस, पण त्यानं हात जोडले. "अप्पा, तुला काय पायजे ते माग. माझ्या भावाचे सूर दे. उद्या श्राद्ध हाय. त्याचा आवाज कुटं ठिवलास, दे."

"माझ्याकडं काय न्हाई, मालक. जे हाय ते त्या पेटीत हाय."

तेव्हा आतलं दार उघडलं. गिरजा बाहेर आली. डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, बांगड्या वाजत होत्या. दुकानात, परक्या माणसांत, सासऱ्यासमोर. माय मागून तिचा पदर ओढत होती. ती म्हणाली, "म्या घासले. मामा गावाला गेलते. मला वाटलं भांडी हायत. मामांनी काय केलं न्हाई."

मला वाटलं, आता सुटलं. अप्पांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांनी डोळे मिटले होते.

रंगराव उठले. आवाज चढवला नाही. "अप्पा," ते म्हणाले, "तू चोरलेस, ते म्या सोसलं असतं. पण घरातल्या लेकराला पढवून बाजारात उभं केलंस. येवढा खाली गेलास?" सोपाननं पेटी उचलली. रंगराव पायरी उतरले. वळून बघितलंच नाही. बाहेरच्या गर्दीनं त्यांना वाट दिली आणि मग सगळी गर्दी आमच्याकडं बघायला लागली.

श्राद्धाला ती पेटी वाजली नाही असं नंतर ऐकलं. पुढं कोणाकडं गेली, ठाऊक नाही.

आमच्याकडं पेट्या येणं थांबलं. भांडण कोणी केलं नाही, फक्त कोणी आलं नाही. ज्यांच्या पेट्या आमच्या दुकानात पडल्या होत्या ते येऊन घेऊन गेले, आणि जाताना झाकण उघडून आत बघायचे, अप्पांच्या समोर. अप्पा त्यांना उजेडाला धरून दाखवायचे, "बघा, काळे हायत." पोरांनी नाव पाडलं, सूरचोर. देवळाच्या पायऱ्यांवर कोणीतरी ते कोळशानं लिहिलंही. घरात सूर ओढायचा आवाज बंद झाला. भाकरीची थाप तेवढी यायची, ती आता एकटीच.

मायनं चौसाळ्याला निरोप धाडला. गिरजाचा मोठा भाऊ आला. माय त्याला म्हणाली, "घेऊन जा बाबा. आमचं घर तुमच्या पोरीनं धुऊन काढलं. कवा बोलवायचं ते आमी कळवू." कळवू म्हणजे काय ते त्या भावाला कळलं. गिरजानं पत्र्याची ट्रंक भरली, मी बघत होतो. मायला काही बोलायला गेलो तर ती म्हणाली, "तुला बाप पायजे का बायको?" मला दोन्ही पाहिजे होते, आणि त्या वयात हे म्हणायचं कसं ते माहीत नव्हतं.

ट्रंक ओसरीवर आली तेव्हा अप्पा दुकानातून उठून आले. ते भिंतीकडं बघून बोलतील असं वाटलं. ते सरळ गिरजाकडं बघून बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"ट्रंक आत ठिव, पोरी."

माय म्हणाली, "आवो, हिच्यापायी..."

"गप. उभ्या परळीत माझ्याकडून बोलायला एक माणूस उभं राहिलं. सगळा रिवाज मोडून उभं राहिलं. त्याला मी घराबाहेर काढू?" मग गिरजाच्या भावाला म्हणाले, "जेवून जा. हातपाय धुवा." आणि परत गिरजाकडं वळून म्हणाले, "आमटी कर. तिखट कर. आता मला सूर तोंडाला लावायचा न्हाई."

त्या दिवसापासून अप्पा तिच्याशी बोलायला लागले. सरळ, नाव घेऊन. गल्लीत लोकांनी त्यालाही नावं ठेवली. अप्पा तेलाच्या घाण्यावर शेंगा मोजायला लागले आणि मरेपर्यंत तेच काम केलं. हत्यारांची पेटी मला दिली. पुढं मी अंबाजोगाईला दुकान टाकलं, तिथं आमचं नाव कमी लोकांना माहीत होतं. अप्पा गेले तेव्हा धर्मापुरीचं कोणी मातीला आलं नाही. सोपानही नाही. गिरजानं मात्र लेकीसारखा टाहो फोडला, सुनेनं फोडू नये तेवढा.

मी लोकांना पुष्कळ वर्षं सांगत राहिलो, ते सूर तेच होते. कोणी हो म्हणायचं, कोणी विषय बदलायचं. गिरजानं त्यानंतर कधीच कोणाला सांगितलं नाही. तिनं एकदा सांगून पाहिलं होतं, सगळ्या बाजारासमोर, आणि तिच्या खऱ्यानंच अप्पांची उरलीसुरली पत गेली. हे ती विसरली नव्हती. मला वाटायचं विसरली असेल. पोरं झाली, नातवंडं झाली, एवढी वर्षं गेली.

गेल्या थंडीत दवाखान्यात होती, तिला ताप उतरत नव्हता. दुपारचं जेवण येऊन तसंच पडलं होतं. ती डोळे मिटून बडबडत होती, मी कान जवळ नेला. "म्या घासले. मामांनी न्हाई चोरले. म्या घासले." परत परत तेच. आवाज सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर ओढायचा प्रयत्न करत होती, पदर नव्हताच, दवाखान्याचा झगा होता. सलाईन बदलायला आलेली नर्स, कोवळी पोरगी, तिनं विचारलं, "आजोबा, आजी काय घासले म्हणतात?"

मी म्हणालो, "भांडी."

नर्सनं गिरजाचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "झाली हो आजी सगळी घासून. लई चांगली घासलीत. झोपा आता." गिरजा गप झाली. हात खाली आले. मी त्या पोरीला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोवर ती पुढच्या खाटेकडं गेलती.